तुझं टोक

मंगळवारी ट्रक येतो.
गल्लीत वळत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला
बर्फाच्या ढिगाला नाक लावून उभा राहतो.
ड्रायव्हर सही घेतो, हातमोजे न काढता.
माल उतरवणं त्याच्या कामात बसत नाही.
बावीस बोर्ड. चार बाय आठ, पाऊण इंची.
सोळा बर्चचे. उरलेले एमडीएफचे,
झोपी गेलेल्या वासराइतके जड
आणि तितकेच मदतीला तत्पर.

आधी मीठ टाकायचं वाटेवर, मग भुसा.
भुश्याची आमच्याकडे वानवा नाही.
विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात जानेवारीत
डिंकसुद्धा बाटलीत कुरकुरतो,
त्याला शेगडीजवळ बसवावं लागतं म्हाताऱ्यासारखं.

तीस वर्षं आम्ही दोघं भाऊ:
आर्व्हिड पुढे, मी मागे, मध्ये प्लायवूड.
मला त्याची मान तेवढी दिसायची,
तापलेली आहे की निवलेली, ते मानेवरून कळायचं.
सकाळपासून बोलणं दोनच शब्दांचं.
"धरलंस?"
"धरलं."
वडील गेले त्या आठवड्यातही एवढंच बोललो,
आणि तेवढं पुरलं.

एकदा मिसेस ड्रोझ्डोव्स्कींच्या स्वयंपाकघराचा ओटा
सहा आठवडे खपून बनवला. चेरीचा. सुंदर.
बाहेर काढताना दारापेक्षा दीड इंच रुंद निघाला.
मी टेप घेऊन पुन्हा पुन्हा मोजत होतो,
जणू चौथ्यांदा मोजल्यावर दार लाजून सरकेल.
आर्व्हिडनं करवत घेतली आणि चौकट कापली.
ती खाच अजून तशीच आहे, रंग न दिलेली.
तिथून वारा येतो.

ऑक्टोबरात त्याचे गुडघे संपले.
लेकीकडे गेला, ॲरिझोनाला.
फोनवर म्हणतो, इथे नुसते दगड,
आणि माणसं घरात दगडाचेच ओटे बसवतात.
जाण्याआधी त्यानं मला एक गाडा बनवून दिला.
चाकं लिलावात घेतलेल्या दवाखान्याच्या खाटेची.
त्यातलं एक किरकिरतं.
तेल दे म्हटलं, तर म्हणाला, राहू दे,
मागे कोणीतरी आहे असं वाटेल.

आता पाहुआ येते. तेवीस वर्षांची,
बाप जिनसेंग पिकवतो गावाबाहेर.
पहिल्या दिवशी तिनं भिंतीला रेललेले बोर्ड पाहिले.
"असे तिरके ठेवता? वाकतात की."
तीस वर्षं आम्ही गिरणीवाल्याला शिव्या दिल्या होत्या.
मग तिनं तुकड्यांचा ढीग पाहिला,
'लागेल कधीतरी' असं आर्व्हिडच्या अक्षरात लिहिलेलं खोकं,
खालच्या थरावर १९९४ सालची पेन्सिल.
काही बोलली नाही. त्यातूनच दोन खुंट्या काढून
स्वतःचा कोट टांगायची सोय केली.

काल पुन्हा मंगळवार.
एमडीएफचा पहिला बोर्ड. मी मागचं टोक उचललं,
खांद्यात ती जुनी कळ जागी झाली,
आणि सवयीनं तोंडातून गेलं, "धरलंस?"
तिला उत्तर ठाऊक नव्हतं. कोणी सांगणार?
तिनं पट्टा खालून घातला, एक कोपरा गाड्यावर टेकवला,
कमरेनं जरासा रेटा दिला,
आणि शंभर पौंडांचं ते वासरू
आपणहून उठून उभं राहिलं.
"सोडा ना," ती म्हणाली.
मी धरून होतो.
"अहो, सोडा. माझ्याकडे आहे."

सोडलं.
हात तसेच राहिले हवेत, आठ फुटांच्या मापावर,
बोटांत एमडीएफची तपकिरी पूड.
गाडा किरकिरत आत गेला.

दारात मात्र बोर्डाचा कोपरा खरवडला,
त्या खाचेपाशी.
तिथे सगळ्यांचाच खरवडतो.
पाहुआनं पहिली शिवी दिली, तिच्या भाषेत.
अर्थ विचारावा लागला नाही.
अजून एकवीस होते.